भावी नेमबाज

चौकातल्या फ्लेक्सवर भावी नगरसेवक असतात, भावी सरपंच असतात, निवडणुकीच्या वासाने भावी आमदारही उगवतात. भावी नेमबाजाचा फ्लेक्स अजून कुठे लागलेला नाही, कारण त्याला गरज नसते. तो स्वतःच गावभर फिरत असतो. भंडाऱ्यात हे नमुने ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन ब्राँझपदकं मिळवली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगच्या जोडीने. पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलीत तिसरं आणलं. आणि त्याच दिवसांत युसुफ दिकेच नावाचे तुर्कस्तानचे एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ साधा टी-शर्ट आणि रोजचा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून रौप्यपदक घेऊन गेले. मनू आणि स्वप्नीलचं कौतुक आहेच, पण या चष्मेवाल्याला पाहून मध्यमवयीन भारताला जी उमेद आली तिला तोड नाही. पोट, चष्मा, खिसा, सगळं आपल्याकडे आहे; मग अडलंय काय? पिस्तूल अडलंय.

आमच्याकडचे भावीभाऊ अशा उमेदीतून जन्मले. पतसंस्थेत नोकरी, वरठीकडे चार एकर धान, वय पंचेचाळीसच्या आसपास. एका संध्याकाळी गांधी चौकातल्या पानठेल्यासमोर त्यांनी डावा हात खिशात घातला आणि उजवा समोर ताठ धरला. पानवाल्याला वाटलं चुना मागताहेत, म्हणून त्याने डबी पुढे केली. भाऊंचा नेम समोरच्या एटीएमच्या पाटीवर होता. तेव्हापासून चौकात त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही.

भाऊंची नेमबाजीतली आजवरची कमाई म्हणजे मंडईतले फुगे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक आणि दिवसा फुग्यांचं दुकान. त्या दुकानातल्या बंदुकीची नळी वाकडी असते, लाल फुगा फोडायचा तर निळ्यावर नेम धरावा लागतो, हे ज्ञान भाऊंना सातवीतच झालं. इतर मुलांनी त्यावरून एवढंच घेतलं की निळ्यावर नेम धरावा. भाऊंनी घेतलं ते असं की नेम चुकतो तो बंदुकीमुळे. पुढच्या आयुष्यात त्यांनी क्रिकेट बॅटमुळे सोडलं, हार्मोनियम भात्यामुळे आणि मॉर्निंग वॉक बुटांमुळे. तेव्हा पिस्तूल निवडताना घाई होणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

पहिला टप्पा रिव्हॉल्व्हरचा. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ हे बत्तीस बोअरचं, अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये बाजारात आलं तेव्हा बायकांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून त्याची बरीच चर्चा झाली होती. भाऊंना ते नावासकट आवडलं. इतक्या आखूड नळीचं हत्यार नेमबाजीच्या स्पर्धेसाठी नसतंच, ही माहिती त्यांना बऱ्याच उशिरा मिळाली. त्याआधी ते जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या एका मित्राकडे वशिल्याला जाऊन आले. भंडाऱ्यात निर्माणी आहे म्हणजे पिस्तूल घाऊक भावात मिळत असेल, असा त्यांचा समज. तिथे स्फोटकं आणि बारूद बनतं, पिस्तुलं नाहीत, एवढं सांगून मित्र गप्प बसला. जानेवारी २०२५ च्या स्फोटात त्या कारखान्याने माणसं गमावली आहेत. तिथल्या माणसाशी या विषयावर हसत बोलायचं नसतं, एवढं भाऊंनाही कळतं. चहा घेऊन ते उठले.

मग परवाना. इथे पोलीस आयुक्तालय नसल्याने अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. वय २१ पूर्ण, पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात बंदूक ठेवायला सुरक्षित जागा. भाऊंनी एक फाईल केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात हे वाचून ते दोन दिवस अस्वस्थ होते, जणू त्यांची तिसरी कुणी उचलून नेली. शेवटी साकोलीकडच्या एका काकांनी त्यांना भानावर आणलं. काकांकडे पीकसंरक्षणाची जुनी बंदूक आहे. ते म्हणाले, “बावा, आचारसंहिता लागली का बंदूक ठान्यात जमा कराव लागते. २०२४ साली पहिले लोकसभेले जमा केली, सोडवून आनली, त विधानसभा आली. डुकरांले कोनती आचारसंहिता हाय? त्यायनं दोन्ही वेळा बिनविरोध खाल्लं.”

त्यानंतर कुणीतरी भाऊंना मुद्द्याचं सांगितलं. शिकायचंच असेल तर दहा मीटरचं एअर पिस्तूल घ्यावं. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, वीस ज्यूलच्या आतली ताकद, आणि या मर्यादेत परवाना लागत नाही. ओळखपत्र दाखवलं की झालं. एखाद्याने ही आनंदाची बातमी मानली असती. भाऊंचा चेहरा पडला. “परवाना लागतच नाही? मंग लोकायले सांगाचं काय?” फाईल मात्र त्यांनी जपून ठेवली. छर्रा मंडईतल्या बंदुकीच्याच मापाचा निघाला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते मी सांगतोय.

यानंतरचा काळ भाऊंचा सुवर्णकाळ. जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवर्कबाउ, ऑस्ट्रियाची स्टायर, स्वित्झर्लंडची मोरिनी, इटलीची पार्दिनी, ही नावं त्यांच्या तोंडी अशी बसली की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या बहिणी तिकडे दिल्यात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की साधा, यावर त्यांची मतं ऋतुमानाप्रमाणे बदलली. टोकियोत मनूचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं होतं, म्हणून महागडी यंत्रणा नकोच. पण पॅरिसला तिने दोन पदकं घेतली, म्हणून तीच हवी. नियमांचं पुस्तक त्यांनी पाठ केलं. वजन दीड किलोच्या आत, ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमचा, आणि पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. त्या मापाची सागवानी पेटी त्यांनी सुताराकडून करून घेतली. पिस्तूल नसल्यामुळे तपासणी घरातल्या वस्तूंची झाली. सांडशी पात्र ठरली. झारा लांबीत बाद झाला.

मुठीचा विषय निघाला की जेवण थंड व्हायचं. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ पंजाच्या मापाने येते, लहान, मध्यम, मोठी, आणि डावखुऱ्यांची निराळी. पुढे ज्याची त्याने कानशीने घासून हाताला बसवायची. भाऊंनी वहीच्या पानावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवली. ते माप मध्यम आणि मोठ्याच्या अगदी मधोमध आलं. असं माप सामान्य माणसाचं असूच शकत नाही, हा त्यांना झालेला शकुन. डोळ्यांचीही परीक्षा त्यांनी घेतली. दोन्ही हातांच्या फटीतून लांबची वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा. वस्तू जागेवर राहिली तेव्हा उघडा असलेला डोळा हुकमी. मोहल्लाभर ही तपासणी झाली. “तुझा हात उजवा पन डोळा डावा हाय, तुले काहीच नेमकं दिसत नसन,” असं त्यांनी आमच्या न्हाव्याला सांगितलं ते स्वतःची दाढी निम्मी झाल्यावर. त्यानंतर उरलेली निम्मी त्या बिचाऱ्याने डोळे दोन्ही ताणून, श्वास रोखून केली. एवढी एकाग्रता भाऊंनी स्वतः अजून कुठे दाखवलेली नाही.

हाताला वजनाची सवय हवी म्हणून सरावही सुरू झाला. भंडाऱ्याचं पितळ प्रसिद्ध आहे. घरात वहिनींच्या माहेरचा एक भारी लोटा होता. तो पाण्याने काठोकाठ भरून हात लांब करून मिनिटभर धरायचा. किती पाणी सांडलं त्यावरून हाताची थरथर कळते, ही कल्पना खरंच चांगली होती. वहिनींनी फक्त एक दुरुस्ती सुचवली, “सांडाचंच हाय त तुळशीकडे तोंड करून उभे राहा.” घरात दहा मीटरची रेषा आखली तेव्हा ती ओसरीतून निघून माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडून सांदवाडीत पोचली. म्हणजे लक्ष्य चिंचेच्या झाडावर आणि मध्ये गॅसची शेगडी. कुकरची तिसरी शिट्टी झाल्याशिवाय गोळीबार नाही, असा ठराव झाला. गोळीबार नव्हताच, पण ठराव झाला.

किंमत विचाराल तर परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढेच जातं. वहिनींनी हिशेब केला. २०२४-२५ चा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये. दीड लाखाचं पिस्तूल म्हणजे पासष्ट क्विंटल. “म्हंजे चारही एकर,” त्या म्हणाल्या, “एका बोटानं दाबासाठी.” भाऊंनी जुन्या पिस्तुलाचा शोध घेतला. एक मिळालंही, पण त्याच्या हवेच्या नळकांड्यावरची तारीख दहा वर्षांपूर्वीची होती, आणि कंपन्या दहा वर्षांनंतर नळकांडं वापरू नका म्हणतात. तो सौदा त्यांनी सोडला, आणि ते बरोबरच केलं. या प्रकरणात त्यांचं एवढं एकच पाऊल निर्विवाद शहाणपणाचं पडलं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटतं.

अखेर नागपूरला एका रेंजवर ते प्रशिक्षकांना भेटले. त्यांनी फाईल पाहिली, पंजाचं चित्र पाहिलं, आणि म्हणाले, “पहिले काही महिने आमचंच पिस्तूल वापरा. घ्यायचं ते नंतर बघू.” आणि त्यांना कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. लक्ष्य नाही, छर्रा नाही. पिस्तूल उचलायचं, पुढची माशी मागच्या खाचेत नीट बसलेली पाहायची, ट्रिगर दाबायचा, हात खाली. लक्ष्य समोर आलं तरी ते धूसर दिसू द्यायचं आणि माशीच स्पष्ट ठेवायची, असं वर सांगितलं. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं, आणि त्याच्याकडे पाहायचंच नाही! स्पर्धेत अशा साठ गोळ्या, सव्वा तासात, बहुतेक वेळ नुसतं उभं राहण्यात. भाऊंना हे पटेना. नेमबाजी म्हटली की संस्थानिक आणि वाघाची शिकार आठवते, पण राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापली ती दादासाहेब मावळंकरांनी, लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षांनी. आज राष्ट्रीय स्पर्धेची वाट त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून जाते. ज्याचं काम शेकडो माणसांना शांत बसवण्याचं, त्याला हा खेळ सुचला यात मला नवल वाटत नाही. भाऊंनी विचारलं, “पन साहेब, सगळ्यात चांगलं पिस्तूल कोनतं?” प्रशिक्षक म्हणाले, “ही पाच आहेत त्यातलं कुठलंही.” भाऊ भंडाऱ्याला परतताना बसमध्ये एवढंच बोलले, की माणूस चांगला आहे पण टेक्निकल नाही.

तरी खरेदी झालीच. पिस्तुलात २०० बारची हवा भरावी लागते, ती पाणबुड्यांच्या सिलिंडरमधून भरतात. हा सिलिंडर भाऊंनी आधी घेतला, कारण तो स्वस्तात मिळत होता. तो रिक्षातून उतरला तेव्हा गल्लीत एकच चर्चा. आमचा जिल्हा तलावांचा. लोकांनी विचारलं, कोणत्या तलावाचा ठेका घेतला? संध्याकाळी मुलं सायकली घेऊन आली. मोटारसायकलच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते, याच्यात शंभरपट आहे, हे भाऊंनी त्यांना फळ्यावर समजावलं. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मारता की नाही?

परवा ते माझ्याकडे आले ते वेगळ्याच तेजात. पिस्तूल रद्द. स्वप्नील कुसाळेचा प्रकार त्यांनी नीट वाचला होता. पन्नास मीटर रायफल, तीन स्थितीत, आणि त्यातली एक स्थिती चक्क पालथं पडून. “झोपून मारतेत हो! अन् पॉइंट टू-टू, म्हंजे परवाना लागते!” जुनी फाईल काखेत होती. आता जाड कॅनव्हासचं जाकीट, पँट, बूट, हातमोजा, सगळ्यांची मापं काढायची होती आणि जर्मन की ऑस्ट्रियन हा प्रश्न मुळापासून पुन्हा सुरू करायचा होता.

वहिनी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मंग ते पिस्तुलाची पेटी खाली करा. माही सांडशी द्या.”