पार्टिंग लाइनवाले अण्णा

लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची पुढे केली की माणूस बसतो. अण्णा आधी ती उलटी करतात. सीटच्या खालच्या अंगाला एक ओबडधोबड ठिपका असतो. त्यावर बोट ठेवून म्हणतात, “इथून माल आत गेला.” मग कडेची बारीक रेघ, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती पार्टिंग लाइन, नखाने खरवडतात. “आणि इथे फ्लॅश आलाय. टूल दमलंय बिचारं.” मागे व्याही ताटकळत उभे असतात. खुर्ची त्यांच्यासाठीच आणलेली असते.

भोसरी एमआयडीसीच्या कुठल्याही गल्लीत शिरा, टूलरूम दिसली की वर माळ्यावर एक अण्णा असणारच. कुठे त्यांना दादा म्हणत असतील, कुठे नुसतंच ‘सर’. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, चष्मा कपाळावर, गुरुवारी सुट्टी आणि गुरुवारीही फोन. मी अशा एका अण्णांच्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं काढली. त्यांच्या लेखी जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या, साच्यातून निघणाऱ्या आणि न निघणाऱ्या. एखादं नवं देऊळ बघितलं तरी कळसापर्यंत नजर टाकून म्हणायचे, “वर निमुळतं ठेवलंय, निघेल.” शिंप्याकडे शर्ट टाकताना विचारायचे, “श्रिंकेज धरलंत ना? पॉलिप्रॉपिलीन दीड टक्का आटतं, तुमच्या कापडाचं काय?” शिंपी बटणांचा रंग विचारून वेळ मारून न्यायचा.

अण्णा बोर्डावर शिकले. ड्राफ्टर, टूएच पेन्सिल, ट्रेसिंगवर शाई आणि चुकलं तर ब्लेडने खरवडणं. अमोनिया प्रिंटच्या वासाने तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं. ते सांगताना आजही येतं, पण ते अमोनियाचं नसतं. मग ऑटोकॅड आलं. अमेरिकेत ते १९८२ सालच्या डिसेंबरात निघालं, अण्णांच्या टेबलावर पोचायला दहाएक वर्षं लागली. सहा महिने त्यांनी त्याला ‘खेळणं’ म्हटलं आणि सातव्या महिन्यापासून त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्यांचा डावा हात कीबोर्डवर तबला वाजवतो : एल, ओ, टीआर, एस्केप, एस्केप. बटणांवरच्या चित्रांकडे त्यांनी माउस कधी नेला नाही. “चित्रं बालवाडीत.” पडदा काळा, कोअर लाल, कॅव्हिटी हिरवी, कूलिंग निळं. एखाद्या पोराने कोअर पिवळ्या लेअरवर काढला, तर कुणी चपला घालून देवघरात शिरावं तसे त्याच्याकडे बघायचे.

अशात छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकलेला एक पोरगा आला आणि मालकांच्या कानाशी लागला : थ्रीडी घेऊ, पॅरामेट्रिक घेऊ. म्हणजे आकाराबरोबर तो आकार कसा घडला याची सगळी वंशावळही संगणकाने लक्षात ठेवायची. ही रीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअरने रूढ केली आणि १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने ती विंडोजच्या साध्या पीसीवर आणून बसवली. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग पोराला म्हणाले, “बाळ, सुरुवातीची ती गोलाई काढून टाक बरं.” पोराने काढली. डाव्या बाजूची सगळी यादी लालभडक झाली. “बघा,” अण्णा मालकांकडे वळले, “पणजोबांनी पाप केलं, पणतूला ताप आला. हे सॉफ्टवेअर नाही, कर्मविपाक आहे.”

त्यांच्या कुचकटपणात तथ्य होतं, हे मला नंतर कळलं. साच्याचं डिझाइन करणाऱ्याच्या हाती पार्ट दुसऱ्याचा येतो. गिऱ्हाईक एक स्टेप फाइल पाठवतं. त्यात आकार असतो, वंशावळ गिऱ्हाइकाच्याच घरी राहते. ट्रायलच्या आदल्या दिवशी ‘किरकोळ बदल’ म्हणून नवी फाइल येते, जुने संदर्भ तुटतात आणि पोराने रात्र जागून बांधलेली यादी पुन्हा लाल. अशा वेळी नुसता पृष्ठभाग धरून ओढणारं, मागचं काही न आठवणारं डायरेक्ट मॉडेलिंग बरं पडतं. अण्णांनी त्याला लगेच नाव ठेवलं, ‘कणीक’. उलट मोल्ड बेस, गाइड पिलर, बुश या ठरावीक मापांच्या गोष्टी मात्र पॅरामेट्रिकमध्ये एक आकडा बदलला की आपोआप जागेवर बसतात. आणि प्रेस टूल? तिथे अण्णांना हरवणारा अजून जन्मायचाय. वायरकटला शेवटी टूडी प्रोफाइलच लागतं. ब्लँकिंगला माप डायवर, पिअर्सिंगला पंचवर. दोन मिलिमीटर पत्र्याला पाच टक्के धरलं तर एका बाजूला क्लिअरन्स शून्य पूर्णांक एक. हे सांगताना त्यांचा आवाज रामरक्षा म्हणताना असतो तसा होतो.

सॉफ्टवेअर विकायला टाय लावलेली मुलं यायची. त्यांच्या डेमोत नेहमी एक गुळगुळीत ब्रॅकेट असायचं, तीन क्लिकांत कोअर-कॅव्हिटी वेगळी. अण्णा ड्रॉवरमधून मोटारसायकलच्या टेललॅम्पचं हाउसिंग काढून टेबलावर ठेवायचे. आत वळलेले हुक, बाजूला भोकं, पार्टिंग लाइन नागमोडी. “हे उघडा.” चहा यायचा, संपायचा, दुसरा यायचा. मुलगा टाय सैल करायचा.

पण एकदा वेगळंच झालं. अण्णांनी टूडीत काढलेला एका डब्याच्या साच्याचा लेआउट पोराने, कुणी सांगितलं नसताना, थ्रीडीत उभा केला. एक इजेक्टर पिन थेट कूलिंगच्या भोकातून आरपार. प्लॅनमध्ये दोन्ही बरोबर, सेक्शनमध्ये दोन्ही बरोबर, कारण सेक्शन दुसरीकडून घेतलेला. तसंच स्टील कापलं असतं तर साच्यातून डब्याच्या आधी पाणीच बाहेर आलं असतं. खोलीत शांतता पसरली. अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “मला दिसलंच होतं. तुला दिसतंय का, ते बघत होतो.”

त्यानंतर संध्याकाळी सगळे गेल्यावर माळ्यावरचा दिवा जळताना दिसू लागला. एकदा डबा विसरला म्हणून मी परत गेलो, तर पोराच्या मशीनवर अण्णा, उजव्या हाताने माउस गोल गोल फिरवतायत आणि पडद्यावर एक मोदक फिरतोय. मला बघून दचकले. “गणपती आलेत,” म्हणाले. “तुझ्या काकूंना साचा करून द्यावा म्हटलं. पेढ्याचा नव्हे, उकडीचा. पण एकवीस कळ्या, आणि शेंड्याला पीळ! सगळा अंडरकट. एकवीस स्लायडर लागतील.”

चतुर्थीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकू पाटावर बसून चिमटीने भराभर कळ्या पाडत होत्या. अण्णा पट्टी घेऊन शेजारी. “अहो, एकीची जाडी दुसरीला नाही,” ते म्हणाले.

“तूप लावा बोटांना आणि बसा खाली,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे रिलीज एजंट,” अण्णा मला म्हणाले आणि बसले. पाऊण तास खपून त्यांनी एक मोदक वळला. मोदकपात्राचं झाकण उघडलं तेव्हा काकूंचे वीस मोदक ताठ उभे होते आणि एकविसावा बरोबर पार्टिंग लाइनवर उकलला होता.