ग्रॅममधला नातू

दिवंगत आजीच्या चवीचा शोध घेणारा नातू बहुतेक मराठी घरांना परिचित असल्यामुळे त्याची लक्षणे विस्ताराने देण्याचे कारण नाही. आजी हयात असेपर्यंत पाणी पिण्यापुरताच स्वयंपाकघरात डोकावणारा हा गृहस्थ तिच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास एकाएकी जागा होतो आणि तिची एकही कृती लिहून का ठेवली नाही, असा जाब घरातल्या बायकांना विचारू लागतो. त्याचे प्रमुख आयुध म्हणजे अर्ध्या ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा. हा काटा पिशवीत घालून तो लग्नामुंजींनाही जातो, कारण तिथे वृद्ध आत्या-माम्या एका पंगतीत सापडतात, आणि त्यांच्यापैकी कोणी ‘मूठभर डाळ’ असे म्हटले की ती मूठ तिथल्या तिथे काट्यावर रिकामी करून घेतली जाते. एकाच आत्याची मूठ मुंजीत ३८ ग्रॅम आणि पुढे बारशात ४१ ग्रॅम भरली, तेव्हा संशय काट्यावर नव्हे, आत्यावर घेण्यात आला.

मुठीनंतर पाळी येते जुन्या मापांची. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, अशी ही शेरापर्यंत दुपटीने चढत जाणारी धान्यमापे असून दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली होऊनही ती कित्येक घरांत पुढे बराच काळ टिकली. ही मापे वजनाची नसून आकारमानाची असल्यामुळे चिपटेभर पोहे आणि चिपटेभर तांदूळ यांचे ग्रॅम एक येत नाहीत. नातू मात्र प्रत्येक धान्याचे वेगळे कोष्टक करतो, आणि नवा तांदूळ बाजारात आला की ते फाडून दुसरे करतो.

अनारसा हा तर अशा संशोधकाचा काळच. तांदूळ रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवावेत, सावलीत फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटावेत, चाळलेले पीठ गुळात कालवून काही दिवस मुरू द्यावे आणि मग खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात तळावे, एवढे कोणीही सांगते. परंतु ‘ओलसर’ म्हणजे किती, हे त्या दिवशीच्या हवेवर ठरते, आणि पिठातले पाणीही काट्यावर पीठ म्हणूनच मोजले जात असल्यामुळे दमट दिवशी काटेकोर वजन करणारा माणूस तितक्याच काटेकोरपणे चुकतो. ओल किंवा गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पसरून विरतो. त्याला अनारसा ‘हसला’ असे म्हणतात. या नातवाचे अनारसे स्वभावतःच आनंदी असतात.

तरीही, नाइलाजाने का होईना, त्याच्या बाजूने थोडे बोलणे भाग आहे. वाटणीच्या वेळी इतरांची नजर पाटल्यांवर आणि जागेच्या कागदांवर असताना त्याने मागितले ते पितळी चिपटे. आजीला लिहिता येत नव्हते, हा समजही त्यानेच खोडून काढला, कारण माळ्यावर सापडलेल्या जुन्या ‘कालनिर्णय’च्या पानांवर, तारखांच्या चौकटीत, दुधाचा वर्षानुवर्षांचा हिशेब तिच्याच अक्षरात होता. त्या पानांमागे इतर बायकांच्या पाककृती छापलेल्या होत्या. आजीला तिची कृती कोणी विचारली नव्हती, आणि न विचारणाऱ्यांत तोही होता, ही नोंद मात्र त्याच्या वहीत आढळत नाही.

अखेर एका अधिक महिन्यात, परातभर हसलेल्या अनारशांसमोर काटा घेऊन बसलेल्या या नातवाला आजीच्या धाकट्या जावेने, म्हणजे त्याच्या काकूआजीने, सुनावले, “अरे, तिचेही हसायचे. एखादा घाणा बिघडायचाच. चांगले तुमच्या पानात वाढायचो, हसलेले आम्ही बायका मागच्या पडवीत चहाबरोबर संपवायचो.” यावर वही उघडून, एका घाण्यात शेकडा किती हसत, असे त्याने विचारले, तेव्हा तिने परातीतला चुरा बशीत भरून त्याच्यापुढे सरकवला. ही चव आजीची आहे की नाही, हे त्याला काही केल्या ठरवता येईना, कारण तसला अनारसा त्या घरात कुठल्याही पुरुषाच्या पानात कधी पडलाच नव्हता.