देवदूताची भाकर

आठवड्यात सगळ्यात जास्त दमणूक कुठल्या वारी होते, हे मंडळीत धावपळ करणाऱ्या एखाद्या ख्रिस्ती माणसाला विचारा. तो रविवार म्हणेल. सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना, ती सुटली की पंचकमिटी, दुपारी महिला मंडळ, दिवेलागणीला कुणाकडे तरी प्रार्थनासभा आणि तिथला चहा-चिवडा. सोमवारी कचेरीत खुर्चीवर बसलं, की कुठे जरा पाठ टेकल्यासारखं वाटतं.

गंमत अशी, की मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती कुणा मिशनऱ्याच्या खटपटीने नव्हे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले आणि 1890 साली गिरणीमालकांनी मान तुकवली. रविवार खंडोबाचा वार, हेही आपल्याकडे सोयीचंच होतं. पण मोशेची चौथी आज्ञा नीट वाचली तर लोखंड्यांचं आणि मोशेचं चांगलंच जमलं असतं असं वाटतं. त्या आज्ञेत विसावा फक्त भक्तिमान मालकाला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दाराशी आलेला परका, सगळ्यांना आहे. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात तर बैल आणि गाढव यांची वेगळी नोंद आहे. यादीत नाही ती एकटी बायको. ‘तू’ म्हटलं त्यात ती आलीच, असं पंडित सांगतात. असेल. पण रविवारचं मटण कोण शिजवतं, हे पाहिलं की मला ती यादी पुन्हा वाचावीशी वाटते.

आत्म्याची काळजी घ्यायची म्हणजे आणखी एक सभा भरवायची, हा समज आपल्यात कुठून शिरला कोण जाणे. पवित्र शास्त्रात तरी तो दिसत नाही. एलीया घ्या. कर्मेल डोंगरावर बआलच्या 450 संदेष्ट्यांना एकट्याने पुरून उरला, भर पावसात अहाबाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावला. आणि त्यानंतर ईजबेल राणीच्या एका निरोपाने असा खचला, की बैर-शेबाच्या पलीकडे रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. आपल्याकडे असता तर त्याच्यासाठी उपास-प्रार्थना ठेवली असती आणि अध्यक्ष त्यालाच केलं असतं. देवदूताने असलं काही केलं नाही. “तुझा विश्वास कुठे गेला?” असंही विचारलं नाही. त्याला हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवला. एलीया जेवला आणि परत आडवा झाला. देवदूत रागावला नाही. थोड्या वेळाने पुन्हा उठवून पुन्हा जेवायला घातलं. “तू इथे काय करतोस?” हा अवघड प्रश्न देवाने त्याला विचारला, पण तो 40 दिवसांनी, होरेब डोंगरावर. आधी भाकर आणि झोप, चौकशी मागाहून. हा क्रम आमच्या घरी माझ्या आजीला ठाऊक होता. पाळक व्हायला निघालेल्यांनाही तो शिकवायला हरकत नाही.

प्रभू येशूही वादळात होडीच्या मागच्या बाजूला झोपला होता. ती गोष्ट तीन शुभवर्तमानांत आहे, पण त्याच्या डोक्याखाली उशी होती हे एकट्या मार्कालाच सांगावंसं वाटलं. त्याच मार्काने एक फसलेली सुट्टीही नोंदवून ठेवली आहे. शिष्यांना जेवायलासुद्धा उसंत नाही हे पाहून येशू त्यांना एकांतात विसाव्यासाठी घेऊन गेला, तर लोक पायी धावत आधीच तिथे हजर! संध्याकाळी पाच हजारांची पंगत झाली. सोमवारची सुट्टी ठरवणाऱ्या आणि नेमकं त्याच दिवशी दारात मयतीचा निरोप येणाऱ्या पाळकसाहेबांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

आणि त्रोवसचा तो तरुण, युतुख. तोही आठवड्याचा पहिलाच दिवस. माडीवर दिवे पुष्कळ, पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलेलं. युतुखाला खिडकीत बसल्या बसल्या डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी मेलेलाच उचलला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि पोरगा जिवंत झाला. उपदेशात झोपल्याबद्दल त्याला कुणी बोललं, असं प्रेषितांच्या कृत्यांत कुठेही लिहिलेलं नाही. पौल मात्र पुन्हा माडीवर गेला, भाकर मोडून खाल्ली आणि उजाडेपर्यंत बोलत राहिला.