हसा ना, बाई!

वयाच्या ४७व्या वर्षी मी दातांना तारा लावून घेतल्या, तेव्हा आत्याने पहिला प्रश्न टाकला, "आता गो कोणाला दाखवायचेत दात?" प्रश्न रास्त होता. तोवर मी ते कोणाला दाखवलेच नव्हते. हसू आलं की डावा हात आपोआप तोंडावर जायचा. उजव्या हातात खडू असायचा.

मग दर महिन्याला पूर्णगडहून पावसमार्गे रत्नागिरी, एसटीने. तार आवळून आलं की दोन दिवस मऊ भात नि कढी. आठवड्याभरात ठणका ओसरतो. दात म्हणजे हाडात ठोकलेला खुंटा, असा माझा समज. डॉक्टर म्हणाले, तो जोराने हलत नाही, हलक्या पण न थांबणाऱ्या दाबाने सरकतो. दाबाच्या बाजूचं हाड विरतं, मागे सुटलेल्या जागेत नवं भरतं. मला आमच्या मुचकुंदी नदीचं मुख आठवलं. खाडीही एकीकडची वाळू नेते नि दुसरीकडे टाकते. दाताचा वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. माझ्या बदलीच्या अर्जापेक्षा बराच.

चिक्की बंद, फणसपोळी बंद. रायवळ आंबा चोरून चोखला, तर त्याचे तंतू तारेत असे गुंतले, की फाटकं जाळं घेऊन बसावं तशी मी तासभर आरशासमोर.

तोंडाच्या तक्रारींनी जगणं किती बिघडलं, हे मोजायची एक प्रश्नावली आहे. संशोधक गॅरी स्लेड यांनी १९९७ साली ती १४ प्रश्नांवर आणली. चव बिघडली? जेवण अर्धवट टाकलं? चिडचिड झाली? चारचौघांत अवघडलात? प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५६; आणि गुण जितके जास्त, तितकं जगणं नापास. पहिल्या महिन्यात मी चांगलीच नापास झाले असते.

त्यात तारेवरची रबरं दिसू नयेत म्हणून मी पारदर्शक निवडली होती. पहिल्याच आमटीने त्यांना हळद लावली. पुढच्या खेपेला वैतागून म्हटलं, "निळी द्या." दुसऱ्या दिवशी वर्गात शोध लागला. तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला पैजा. "बाई, हसा ना, रंग बघू!" एवढी पोरं तोंडाकडे टक लावून बसल्यावर हात वर नेणार कसा? दात सरळ व्हायला दोन वर्षं लागली. हात दोन महिन्यांत खाली आला, दात वाकडे होते तेव्हाच.

तारा निघाल्या. आता रात्री रिटेनर, कारण दातांना जुन्या जागेची ओढ असते. नुसत्या दातांनाच नाही. तारांविना वर्गात गेले, तर एक पोरगं हिरमुसून म्हणालं, "आता रंग संपले?" मला हसू फुटलं, आणि डावा हात अर्ध्यावर आला होता.

संध्याकाळी गावातल्या गडावर गेले. दरवाजावर मधोमध गणपती, बाजूला चंद्र-सूर्य. मान वर करून बघत राहिले. एकदंत, तोही मोडका दात घेऊन जगभर पुजला जाणारा. बाप्पाला हात चार. तोंडावर एकही नाही.