काजव्यांच्या झाडावर हेडलाइट मारणाऱ्या गृहस्थांस

महाशय,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करायची रीत आहे. नमस्कार घ्या. 'सप्रेम' लिहायला हात धजत नाही, आणि मनात नाही ते कागदावर उतरवू नये असं मला घरी शिकवलं आहे.

तुमचं नाव मला माहीत नाही. गाडीचा नंबरही दिसला नाही, कारण तुमच्या दिव्यांकडे पाहिल्यावर पुढे बराच वेळ मला काहीच दिसत नव्हतं. खूण सांगते, म्हणजे पत्र आपल्यालाच आहे हे कळेल. जूनचा पहिला शनिवार, रात्री साडेआठ उलटून गेलेले, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीकडे जाणारा रस्ता, आणि वळणावरचं सादड्याचं झाड. तुमची गाडी पांढरी, उंच, टपावर दिव्यांची लांब पट्टी. अशी पट्टी गाडीसोबत येत नाही, वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावी लागते. तुम्ही ती बसवून घेतली आणि जंगलात आणलीत.

त्या झाडाखाली आम्ही पाच जण होतो. मी, माझे यजमान, सासूबाई, सात वर्षांची माझी मुलगी आणि नणंदेचा चार वर्षांचा मुलगा. सुट्टी संपत आली होती. तुमच्याही घरी लहान मूल आहे, मी ते पाहिलं, तेव्हा हे दिवस तुम्हाला ठाऊकच असतील. कुरडया-पापड डब्यात गेलेले, हापूस संपून रायवळ आंबे चोखायला आलेले, सासूबाईंची लोणच्याच्या कैऱ्या फोडायची घाई, वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची राहिलेली, आणि रेनकोट मागच्या वर्षीचा चालेल की आखूड होईल यावर घरात रोज एक बैठक. मुलांना या आठवड्यात शाळा जवळ आल्याची चाहूल लागते आणि ती उगाच रडवेली होतात. म्हणून दरवर्षी शेवटच्या आठवड्यात त्यांच्यासाठी एक दिवस राखून ठेवायचा, असं आम्ही ठरवलं आहे. यंदा तो दिवस काजव्यांचा होता.

त्या एका रात्रीची तयारी किती दिवस चालली होती ते तुम्हाला सांगायलाच हवं. गणपतीच्या मखरातून उरलेला लाल जिलेटिन कागद मुलीने स्वतः शोधून काढला. दोन्ही टॉर्चच्या तोंडावर त्याचे तीन तीन थर रबरबँडने बसवले, कारण लाल उजेडाचा काजव्यांना त्रास कमी होतो असं मी तिला सांगितलं होतं. मोबाइल बॅगेत ठेवायचे हा नियम तिनेच केला आणि बापालाही पाळायला लावला. धाकट्याला आम्ही आठवडाभर रोज संध्याकाळी गच्चीवर दिवा बंद करून बसवत होतो, कारण तो अंधाराला घाबरतो. पहिल्या दिवशी तो माझ्या पदरात तोंड खुपसून बसला. सहाव्या दिवशी एकटा पायरीवर बसला. चार वर्षांच्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे बाप म्हणून तुम्हाला समजायला हवं.

नाशिकहून घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडी. दुपारी मुलांना १९२६ साली बांधून पुरं झालेलं धरण दाखवलं, त्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. संध्याकाळी वनखात्याच्या चौकीवर पावती फाडली. तिथल्या माणसाने सूचना तोंडी सांगितल्या: झाडाजवळ गाडीचे दिवे लावायचे नाहीत, फ्लॅश नाही, गाणी नाहीत, काजवे धरायचे नाहीत, रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही. रस्ता एकच आहे. तुम्हीही त्याच चौकीवरून आलात. सूचना तुम्हालाही मिळाल्या असणार, आणि त्या मराठीत होत्या.

आम्ही गाडी गावात लावली आणि गावातल्या एका काकांसोबत चालत निघालो. त्यांच्या घरी नागलीची भाकरी आणि पिठलं खाऊन झालं होतं. काका बोलायचे कमी. वाटेत एकदाच म्हणाले, "काजवे भरले की पाऊस आठ दिवसांवर." सासूबाईंचं माहेर इगतपुरीकडचं. त्यांच्या लहानपणी काजवे अंगणात यायचे, दावणीला बांधलेल्या बैलाच्या पाठीवर बसायचे. त्या गेल्या कित्येक वर्षांत ते पाहू शकल्या नव्हत्या. गुडघे दुखत असूनही त्या चालत आल्या, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

झाडाखाली चटई टाकून आम्ही बसलो, तेव्हा पहिल्यांदा फार काही दिसलं नाही. माणसाच्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ही मिनिटं लहान मुलांकडून मिळवणं सोपं नसतं. आम्ही ती मिळवली. मुलीने हळू आवाजात विचारायला सुरुवात केली आणि मी जेवढं वाचून आले होते तेवढं सांगत गेले. काजवा ही माशी नाही, भुंग्यांच्या कुळातला कीटक आहे. त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला दिवा असतो. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफरेज नावाचं विकर आणि श्वासातून आलेला प्राणवायू यांचा मेळ झाला की उजेड पडतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. "म्हणजे चटका बसत नाही?" धाकट्याने विचारलं. नाही बसत. "मग आईला सांग, असला गॅस आण." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

मग झाड पेटलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो दिवे एकदम लागत होते, एकदम मालवत होते. एका फांदीवरून लाट निघायची आणि पलीकडच्या जांभळीपर्यंत जायची. धाकटा माझ्या मांडीवरून उठला, अंधारात दोन पावलं पुढे गेला आणि एकटा उभा राहिला. कुणाचा हात न धरता. सासूबाईंनी हात जोडले होते. कुणी बोलत नव्हतं.

हे सगळं किती वेळ चाललं? सहा-सात मिनिटं. नंतर तुम्ही आलात.

आधी गाणं आलं, मग वळणावरून दिवे. तुम्ही गाडी झाडासमोर तिरकी उभी केलीत, टपावरची पट्टी लावलीत आणि सगळा झोत बुंध्यावर सोडलात. मराठीत मार बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले असं म्हणतात. तुमच्या झोताने आम्हा पाचही जणांच्या डोळ्यांपुढे तेवढे काजवे चमकले, खरे मात्र दिसेनासे झाले. झाडावर उरली ती धुळकट पानं. "मामी, झाड विझलं?" धाकट्याने विचारलं आणि तो धावत माझ्याकडे आला.

मी तुमच्याकडे आले, आठवतं? दिवे बंद करा म्हणून विनवलं. तुमचं उत्तर असं होतं: "दोनच मिनिटं मॅडम, फोटो काढतो."

त्या फोटोबद्दल आधी बोलू. काजव्यांचा फोटो पुरत्या काळोखात, कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवून, पडदा बराच वेळ उघडा ठेवून काढतात. झोत मारलेल्या झाडाचा फोटो काढलात म्हणजे तुमच्याकडे सादड्याच्या पानांचा फोटो आहे. तो दिवसाही निघाला असता. त्यासाठी रात्रीचा डिझेलचा खर्च करून इतक्या लांब येण्याची गरज नव्हती.

आता त्या दोन मिनिटांबद्दल. काजव्याची अळी महिनोन् महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहते. गोगलगायी खाऊन वाढते. मातीतच कोष करते. वळवाच्या सरींनी जमीन भिजली की पंख फुटून बाहेर येते आणि मग तिच्या हाती काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे उरतात. बऱ्याच जातींचे मोठे काजवे या काळात धड खातही नाहीत. त्यांना एकच काम उरलेलं असतं: जोडीदार शोधणं. नर आपल्या तालात दिवा लावून विचारतो, गवतात किंवा पानाआड बसलेली मादी तिच्या दिव्याने उत्तर देते. ज्या जातीचा जो ताल, त्यावरूनच एकमेकांची ओळख पटते. तुमच्या झोतात नराचा प्रश्न मादीला दिसत नाही आणि मादीचं उत्तर नराला. एकेका झाडापुढे एका रात्रीत तुमच्यासारख्या कितीतरी गाड्या उभ्या राहतात, आणि प्रत्येक गाडीला दोनच मिनिटं हवी असतात. ज्याच्याकडे पंख फुटल्यावर जेमतेम पंधरा रात्री आहेत, त्याच्या रात्रीतली मिनिटं तुम्ही घेत होता. पाऊस धरला की हंगाम संपतो. मग जमिनीत अंडी पडली असतील तर पुढचा उन्हाळा, नसतील तर नाही.

हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं समजून मी क्षमा करू शकले असते. पुढे जे केलंत ते मात्र मला क्षमा करता येत नाही.

तुमचा मुलगा गाडीतून उतरला. सहा वर्षांचा असेल. तो काय म्हणाला ते मी ऐकलं, तुम्ही ऐकलं नाहीत, कारण गाडीतलं गाणं चालू होतं. तो म्हणाला, "पप्पा, दिवे घालवा ना, काहीच दिसत नाहीये." सबंध गाडीत तेवढ्या एकालाच आपण कशासाठी आलो आहोत हे कळलं होतं. तुम्ही उत्तर म्हणून खालची फांदी गदागदा हलवलीत, गवतात शिरलात, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत दहा-बारा काजवे कोंबलेत, झाकण घट्ट लावून ती त्याच्या हातात दिलीत. तो गप्प झाला. मग दुसरी बाटली भरून आमच्या धाकट्यापुढे धरलीत. "घे बाळा, तुला पण."

त्याने ती घेतली. चार वर्षांचं मूल आहे, का नाही घेणार? ती त्याच्या हातून सोडवून घेताना तो कळवळून रडला, आणि जंगलात नेऊन मुलाला रडवणारी मामी मी ठरले. ते रडणं तुमच्यामुळे होतं. झाकण उघडलं तेव्हा काही उडाले. चार तळाशी राहिले, त्यातला एक अजून मिणमिणत होता. मुलीने ते बोटाने एकेक करून पानावर ठेवले. ते उडतात का, हे पाहायला ती थांबली होती. आम्हाला तिला उचलून न्यावं लागलं.

तुम्ही गेलात. तुमच्या मागे आणखी दोन गाड्या आल्या, त्यांनीही दिवे तसेच ठेवले. काका म्हणाले, आता आज नाही. सासूबाई परतताना एवढंच बोलल्या, "थोडं तरी पाहिलं." त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. त्या चढावरून पुन्हा चालत येणं त्यांना जमेल का, हे मी सांगू शकत नाही. धाकटा आता रात्री दिवा लावूनच झोपतो. गच्चीवरचे सहा दिवस वाया गेले.

तुमच्याकडे पैसे मागत नाही, तुम्ही माफी मागावी असंही म्हणत नाही. माझं मागणं तुमच्या मुलासाठी आहे. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी, वळवाचे दोन पाऊस झाले की, त्याला पुन्हा घेऊन या. गाडी शेंडीत किंवा पुढच्या कुठल्याही गावात लावा. गावातल्या माणसाला सोबत घ्या, त्याला त्याचे पैसे द्या आणि चालत जा. बाटली नेऊ नका. फोन खिशात राहू द्या. झाडाखाली मुलाला मांडीवर घेऊन अर्धा तास गप्प बसा. तो कंटाळेल, विचारेल, चुळबुळ करेल, बसू द्या. आणि तेव्हा पलीकडच्या वळणावर एखादी गाडी दिवे लावून उभी राहिली, तर उठून तिच्याकडे जा आणि त्या माणसाला दिवे बंद करायला सांगा.

एक आई,
नाशिक