तलाठी खिशात

पहिला स्मार्टफोन घेतला की आयुष्य सुधारतं म्हणतात. सुधारतं की! पूर्वी पीकपेरा नोंदवायला तलाठी बांधावर येत असे. निदान कागदोपत्री तरी. चावडीत बसल्या बसल्या त्याला अख्ख्या शिवारातली कपाशी दिसायची, ही त्याची सिद्धी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी स्वतंत्र झाला. आता गट नंबर त्यानेच निवडायचा, क्षेत्र त्यानेच भरायचं, पिकात उभं राहून फोटोही त्यानेच काढायचा. तलाठ्याचं काम मिळालं, पगार तेवढा राहिला. (आदेश निघालाही असेल, रेंजअभावी पोचला नसेल.)

रेंज मिळते वेशीवरच्या पारावर, सोयाबीन असतं ओढ्यापलीकडे. शेवटी शेजारचा नववीतला पोरगा धावून येतो. ‘काका, फोन सरळ धरा!’ काका मुकाट धरतात. तलाठ्याचं चहावर भागायचं, याला हॉटस्पॉट लागतो.

सोय झाली हे मात्र खरं. सातबाऱ्यावर कपाशीच्या जागी ऊस कोणी लावला, याची चौकशी करायला तालुक्याला जावं लागत नाही. बायको घरीच करते.