भावी क्लासिक ओळखण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आज रस्त्यावर धावणारी कोणती गाडी पुढे ‘क्लासिक’ ठरेल, हे छातीठोकपणे सांगणारा एक तरी जाणकार प्रत्येक सोसायटीत असतोच. प्रस्तुत लेखकाच्या सोसायटीत हे पद अण्णांकडे आहे. अण्णांच्या नावावर पार्किंग एक आणि गाड्या तीन. तिन्ही पुढे सोन्याच्या भावाने जाणार असल्याने विकायला काढलेल्या नाहीत. नवशिक्यांसाठी या शास्त्राची सूत्रे येथे दिली आहेत; जिथे ती अण्णांशी जुळत नाहीत, तिथे अण्णांचे चुकते.

सूत्र पहिले: गाडीकडे पाहू नये, तिच्याकडे टक लावून बघणाऱ्या शाळकरी पोरांकडे पाहावे. आठवीतल्या मुलाला जी गाडी हवी असते, तीच तो चाळिशीत, हप्ते फेडण्याची ऐपत आल्यावर शोधत फिरतो. टाटा सिएरा 1991 मध्ये आली. तीन दारे आणि मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेली, न उघडणारी काच. घरातल्या मोठ्यांचा प्रश्न एकच: मागच्यांनी चढायचे कसे? गाडी 2003 पर्यंत कशीबशी टिकली. पण काचेला नाक लावून आत बघणारी पोरे मोठी झाली आणि 2025 मध्ये कंपनीने तेच नाव पुन्हा बाजारात आणले.

सूत्र दुसरे: नुसत्या स्टिकरच्या ‘लिमिटेड एडिशन’ला भुलू नये. स्टिकर उन्हात उडतात.

सूत्र तिसरे: कंपनीने गाशा गुंडाळला म्हणून हुरळून जाऊ नये. शेवरले 2017 मध्ये आपल्याकडची विक्री थांबवून गेली, फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. गाडी दुर्मीळ होते हे खरे, पण तिचे हेडलाइट त्याआधी दुर्मीळ होतात. अपवाद करायचाच तर फियाट पॅलिओच्या 1.6 लीटर मॉडेलचा करावा. ही कुर्ल्याच्या कारखान्यातली, पद्मिनीच्याच अंगणातली. इंजिन शंभर अश्वशक्तीचे, दार लावले की तिजोरी लावल्यासारखा आवाज, आणि पेट्रोल पिण्याची हौस अशी की पंपावरचा पोऱ्या नावाने ओळखायचा. सचिन तेंडुलकरच्या नावाने काढलेली तिची एस-10 आवृत्ती फक्त 500 गाड्यांची होती. तशी एखादी कुठे उभी दिसली, तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवून आधी मालकाचा नंबर घ्यावा.

सूत्र चौथे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे: जे कोणी जपत नाही, ते जपावे. मारुती 800 ची पहिली चावी 14 डिसेंबर 1983 रोजी दिली गेली. पुढे देशात पंचवीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या. इतक्या असूनही सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांतली, मूळ सीटकव्हर आणि मूळ व्हीलकॅपसह असलेली गाडी शोधायला निघा, म्हणजे कळेल. लोकांनी गॅसचे किट बसवले, काचांना काळी फिल्म लावली, मागे स्पीकर ठोकले. म्हणून ज्याला पुढचे दिसते, त्याने सर्व्हिस बुक, दुसरी चावी आणि डीलरने दिलेली कुरूप रबरी मॅटसुद्धा फेकू नये.

सूत्र पाचवे गणिताचे. सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर ती पन्नास वर्षांहून जुनी हवी. तेव्हा नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो 2022 मध्ये बंद झाली. म्हणजे तिच्या शेवटच्या तुकडीला हा मान 2072 नंतर. दरम्यान पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच. अण्णा सध्या अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांनी हा हिशेब केलेला नाही.

देखभालीबद्दल थोडके. पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिक अंथरू नये. आत वाफ कोंडते आणि रंगाला फोड येतात (अण्णा ऐकत नाहीत). दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोके असतात, ती तारेने मोकळी करावीत. कोकणात गाडी असेल तर दर महिन्याला, कारण गंज आतून चढतो आणि दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवतात. उपाय खात्रीचा नाही. काही उंदरांना तंबाखूची सवय लागत असावी.

सूत्र सहावे: मोठ्या टचस्क्रीनच्या गाडीवर पैज लावू नये. कार्ब्युरेटर नाक्यावरचा मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरने वठणीवर आणतो. मेलेला स्क्रीन कोण जिवंत करणार?

या सर्व कसोट्यांवर उतरणारी गाडी टाटा नॅनो. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत पडदा उघडला, तेव्हा जगभरचे कॅमेरे तिच्यावर होते. इंजिन मागे, 624 सीसीचे, दोन सिलिंडरचे. वायपर एकच, चाकाला नट तीनच. लाखाची गाडी म्हणून गाजली आणि त्याच ओळखीपायी लोक ती घ्यायला लाजले. आज ती भंगारात जाते आहे, म्हणजे सूत्र चौथे. घ्यायची तर 2015 पूर्वीची घ्यावी, डिकी बाहेरून न उघडणारी. मागची सीट पाडून बॅग आत ढकलावी लागते. संग्राहकांना पुढे नेमकी हीच गैरसोय हवी असेल.

अण्णांना हे अजिबात पटलेले नाही. ‘नॅनो कोण ठेवतं हो घरात?’ म्हणाले. सिएराच्या मागच्या काचेबद्दलही त्यांचे मत असेच होते.